एका बोटाने थांबलेला पंखा

राजुरीतल्या एका गोठ्यासमोरच्या अंगणात सहावी-सातवीची पोरं उन्हातच उकिडवी बसली आहेत. फेब्रुवारी चालू आहे. 28 तारखेच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रयोग मांडायचे आहेत. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ती जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, आणि तिच्या केंद्रावर भरणारं शाळांचं विज्ञान प्रदर्शन, दोन्ही या पोरांच्या ओळखीची.

मधोमध पाण्याचा वीस लिटरचा जार. त्यात निम्मं शेण, निम्मं पाणी आणि वरून चालू गोबरगॅसमधली थोडी स्लरी. बुचातून निघालेली सलाइनची नळी पाण्याच्या बाटलीतून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गेली आहे. ट्यूब टम्म फुगली आहे. पहिली ट्यूब सरांनी पेटवू दिली नव्हती, मोकळ्यावर सोडून द्यायला लावली होती. त्यात जारमधली हवा असते. मिथेनमध्ये हवा मिसळली की भडका उडू शकतो, म्हणून.

आज काडी सरांच्या हातात आहे. ट्यूब हलकेच दाबली जाते, धातूच्या नळीच्या तोंडाशी काडी येते. काहीच दिसत नाही. "पेटलंच नाही!" एकजण ओरडतो. एक मुलगी उन्हाच्या बाजूने पुठ्ठा आडवा धरते, आणि त्या सावलीत बोटभर निळी ज्योत दिसते. रोज गोठा झाडणारी ही मुलं शेणाकडे अशी डोळे फाडून पहिल्यांदाच बघत असावीत.

मला मात्र पुढचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. वहीएवढी सोलर प्लेट, तिला जोडलेली खेळण्यातली मोटर, मोटरीवर कागदी पंखा. पंखा गरगरतोय. सर सांगतात, "एकच पट्टी झाका." एक मुलगा बोट आडवं ठेवून पट्टी पूर्ण झाकतो. पंखा थांबतो. मुलं चक्रावतात. झाकला थोडा भाग, मग वेग थोडाच कमी व्हायला हवा ना? बोट काढतात, ठेवतात, दुसऱ्या पट्टीवर ठेवतात. दर वेळी तेच.

"ठिबकच्या नळीला घडी पडल्यावर होतं तसं," मागून एकजण म्हणतो. "पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी बंद."

अगदी बरोबर. पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, एकीने अडवलं की सगळ्यांचा प्रवाह अडतो. मोठ्या प्लेटांत हे टाळायला डायोड असतात, तरी सावलीचा फटका बसतोच. लगेच एक मुलगी सांगते, "आमच्या पंपाच्या प्लेटांवर दुपारी शेवग्याची सावली येते." संध्याकाळी त्या फांदीचं काय होणार, हे कोणी विचारत नाही.

जुन्नर-आंबेगावात दिवसा चालणाऱ्या पंपाची किंमत वेगळी सांगायला नको. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जायचं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जायचं.

विज्ञान दिनासाठी बाजारातलं तयार मॉडेल आणून चमकी लावणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. त्याऐवजी एक मल्टिमीटर घेऊन द्या, साधा काही शे रुपयांत मिळतो. आणि पोराने वावरातल्या प्लेटेवर हात ठेवून वीज मोजायला घेतली, तर त्याला हटकू नका, फक्त पंपाच्या उघड्या वायरींपासून लांब ठेवा.