पहिल्याचे पाणी

नदीकाठची जमीन ज्याची त्याचाच नदीच्या पाण्यावर हक्क, हा इंग्लंडच्या ओल्या भूमीत रुजलेला न्याय अमेरिकेच्या रुक्ष पश्चिम मुलखातही सर्वत्र चालत आला असावा, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ सालीच तो साफ अमान्य केला. लेफ्ट हँड डिच नावाची कंपनी सेंट व्रेन ओढ्याच्या दक्षिण शाखेचे पाणी पाटाने काढून दुसऱ्याच खोऱ्यात वळवीत असे. १८७९ च्या अवर्षणात खालच्या अंगाच्या कॉफिन आदी शेतकऱ्यांनी तिचा बांध फोडला आणि काठ आमचा म्हणून पाणीही आमचे, अशी कैफियत मांडली. न्यायालयाने मात्र, ज्याने आधी पाणी वळवून कामी लावले त्याचा हक्क आधीचा, मग त्याची जमीन खोऱ्याबाहेर का असेना, असा निवाडा दिला आणि कारण सांगितले ते रुक्ष भूमीच्या निकडीचे.

हा नियम म्हणजे केवळ सोन्यामागे धावलेल्या खाणकऱ्यांची निर्मिती, हे म्हणणेही अर्धेच खरे. कॅलिफोर्नियातील खाणींची वहिवाट तेथील न्यायालयाने १८५५ मध्ये मान्य केली. पण त्याच राज्याने १८८६ च्या लक्स-हॅगिन खटल्यात काठकऱ्यांचा हक्कही कायम ठेवून दोन्ही न्याय एकत्र नांदविले. शिवाय स्पॅनिश परंपरेच्या गावपाटांवर, म्हणजे असेकियांवर, टंचाईची झळ सर्वांनी वाटून घेण्याचा रिवाज होता. खानदेशातील सामाईक पाटपाण्याच्या फड पद्धतीशी परिचित वाचकास तो परका वाटू नये. कोलोरॅडोतील अखंड चालत आलेला सर्वांत जुना पाणीहक्क, १८५२ चा, सॅन लुईसच्या अशाच एका पाटाचा आहे.

अग्रक्रमाच्या न्यायात अशी वाटणी नाही. पाणी आटले की आधी नव्या हक्कदाराचा पाट बंद, जुन्याचा पूर्ण चालू. मला तो निष्ठुर वाटतो. तथापि पहिल्याने हवे तेवढे उधळावे अशी मुभाही त्यात नाही, कारण हक्काचे माप उपयुक्त वापर हेच असून दीर्घकाळ न वापरलेला हक्क बुडू शकतो.

आधी आलेल्याचा एवढा मान, तर मूळ रहिवाशांचा हक्क प्रथमपासून सर्वांत वरचा असणार, हा तर्क मात्र व्यवहारात टिकला नाही. मोंटानातील फोर्ट बेलनॅपचे राखीव क्षेत्र १८८८ साली ठरले तेव्हाच मिल्क नदीचे पाणीही त्यासोबत राखले गेले होते, हे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विंटर्स खटल्यात सांगितले ते १९०८ मध्ये. पुढे १९२२ साली सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सांता फे येथे कोलोरॅडो नदीच्या वाटपाच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा खोऱ्यातील एकाही जमातीस बोलावणे नव्हते. त्यांच्याविषयी करारात एवढेच कलम आहे की, संघराज्याची त्यांच्याप्रती असलेली बंधने या कराराने बाधित होत नाहीत.