हेडफोन घेताना खोक्यावरचे आकडे वाचा
स्वस्त माल आणि खात्रीचा माल यातील फरक ओळखण्याच्या काही खुणा

खिशात मावणाऱ्या यंत्रावर गाणी, बातम्या किंवा भाषेचे धडे ऐकण्याची सवय आता जुनी झाली आहे. जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला. पुढे २००१ साली अॅपलचा आयपॉड आला, आणि २०२२ साली त्याचे उत्पादन बंदही झाले. आज बहुतेकांचे काम मोबाईलवरच भागते. तरी छोटे एमपी३ प्लेअर वापरणारेही आहेत. यंत्रे बदलली, पण एक गोष्ट बदललेली नाही. यंत्र कितीही चांगले असले तरी आवाज कानापर्यंत पोहोचवणारी वस्तू निकृष्ट असेल, तर सारा खर्च वाया जातो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, मनीष मार्केट असो की पुण्याची तपकीर गल्ली, शंभर रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंतचे हेडफोन शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. खोकी सारखीच चकचकीत असतात. नुकताच कमावता झालेला तरुण किंवा मुलांसाठी वस्तू घेणारा बाप यांनी निवड कशी करावी? आणि हाच माल विकून पोट भरणाऱ्या छोट्या दुकानदाराने कोणता माल ठेवावा? या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे करू.

आत असते काय?

बहुतेक स्वस्त हेडफोनची रचना एकच असते. एक छोटे लोहचुंबक, त्याजवळ तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा. यंत्रातून आलेला विद्युतप्रवाह वेटोळ्यातून गेला की पडदा थरथरतो आणि आवाज निर्माण होतो. या जुळणीला ड्रायव्हर म्हणतात. कानात घालायच्या इअरफोनमध्ये तो बहुधा ६ ते १४ मिलिमीटरचा, तर डोक्यावर घालायच्या हेडफोनमध्ये ३० ते ५० मिलिमीटरचा असतो. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, असे विक्रेते सांगतात. ते खरे नाही. पडदा कशाचा आहे, जुळणी किती काटेकोर आहे आणि इअरफोन कानात किती घट्ट बसतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

कोणते आकडे कामाचे?

खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्‌झ असे छापलेले असते. माणसाच्या कानाला साधारण एवढ्याच लहरी ऐकू येतात आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. त्यामुळे एखाद्याने ८ ते ३०,००० छापले म्हणून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

तारेच्या हेडफोनसाठी दोन आकडे मात्र उपयोगाचे आहेत. पहिला इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. छोट्या प्लेअरची आणि मोबाईलची ताकद मर्यादित असते, म्हणून त्यांना १६ ते ३२ ओहमचा हेडफोन योग्य. स्टुडिओसाठी बनवलेले २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन दर्जेदार असले तरी छोट्या प्लेअरवर त्यांचा आवाज दबलेला येतो.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा. एक मिलिवॅट शक्ती दिली असता किती डेसिबल आवाज निघतो, हे तो सांगतो. १०० किंवा त्याहून अधिक असल्यास चांगले. दर ३ डेसिबलला शक्तीची गरज निम्मी होते. म्हणजे १०० ऐवजी १०६ डेसिबलचा इअरफोन असेल तर तेवढ्याच आवाजाला एक चतुर्थांश शक्ती पुरते आणि प्लेअरची बॅटरी वाचते. तुलना करताना दोन्ही खोक्यांवरचे एकक एकच आहे ना, हे पाहावे. काही कंपन्या हा आकडा मिलिवॅटवर देतात, काही व्होल्टवर. व्होल्टचा आकडा मोठा दिसतो, पण म्हणून माल श्रेष्ठ ठरत नाही.

कानात बसणे महत्त्वाचे

इअरफोनसोबत रबराच्या लहान, मध्यम आणि मोठ्या टोप्या मिळतात. बहुतेक जण आधीच बसवलेली मधली टोपी वापरतात आणि बाकीच्या फेकून देतात. टोपी सैल बसली की ढोल-तबल्याचे खालचे सूर निसटतात आणि माल वाईट असल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते. टोपी बदलून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने तक्रार मिटते.

घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा दुसराही फायदा आहे. बाहेरचा गोंगाट अडतो, त्यामुळे लोकल गाडीत किंवा एसटीत आवाज वाढवावा लागत नाही. मात्र रस्ता किंवा रेल्वेरूळ ओलांडताना आणि दुचाकी चालवताना ते कानातून काढलेच पाहिजेत.

बिनतारी मालातील फसगत

२०१६ साली अॅपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरची गोल खाच काढून टाकली. पुढे इतर अनेक कंपन्यांनी तेच केले आणि बिनतारी इअरबडची बाजारपेठ वाढली. मुंबईच्या बोटसारख्या देशी ब्रँडने याच काळात आपला जम बसवला. या मालात तीन ठिकाणी गिऱ्हाइकाची दिशाभूल होते.

पहिले, बॅटरीचे तास. खोक्यावर ४० तास लिहिलेले असते, परंतु त्यात डबीतील बॅटरीचे तास मिळवलेले असतात. प्रत्यक्ष कानात असताना इअरबड एका चार्जवर किती तास चालतो, हे विचारावे. स्वस्त मालात ते बहुधा ४ ते ८ तासांच्या दरम्यान असते.

दुसरे, एएनसी आणि ईएनसी ही दोन अक्षरनामे. एएनसी म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय. ईएनसी फक्त मायक्रोफोनसाठी असते. फोनवर बोलताना समोरच्याला आपला आवाज स्वच्छ जावा, एवढेच तिचे काम. स्वस्त खोक्यावर ईएनसी ठळक अक्षरांत छापलेले असते आणि गिऱ्हाईक ते एएनसी समजून घरी नेते.

तिसरे, पाण्यापासून संरक्षण. आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि शिंतोडे सोसण्याची क्षमता. आयपीएक्स७ असेल तर एक मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडूनही वस्तू टिकावी. अनेकदा हे मानांकन फक्त इअरबडला असते, डबीला नसते. पावसाळ्यात हे ध्यानात ठेवावे.

बिनतारी इअरबडमधील लिथियम बॅटरी चार्ज करता करता काही वर्षांत कमजोर होते आणि स्वस्त मालात ती बदलणे परवडत नाही. तारेच्या इअरफोनला बॅटरीच नसते. तार बहुधा पिनेजवळ तुटते, आणि हात बसलेला कारागीर ती झाळून देतो. फक्त ऐकण्यासाठीच वस्तू हवी असेल आणि खिसा मर्यादित असेल, तर त्याच किमतीत तारेच्या इअरफोनचा आवाज सहसा सरस मिळतो. मोबाईलला गोल खाच नसेल तर टाइप-सी जोडणी घ्यावी लागते. ती घेताना आत आवाजाचे रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, आहे याची खात्री करावी. नुसती तारेची जोडणी काही मोबाईलवर चालतच नाही.

घेण्यापूर्वी हे तपासा

ओळखीचे एखादे गाणे आणि एखादे भाषण, दोन्ही लावून पाहावे. भाषणातील शब्द स्पष्ट कळत नसतील तर नुसत्या घुमणाऱ्या आवाजावर भुलू नये. डावी-उजवी बाजू सारखी वाजते का, तार पिनेजवळ हलवली असता खरखर होते का, हे पाहावे. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे कायद्याने आवश्यक आहे. बिनतारी हेडफोन २०२० साली भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आणले गेले. त्यावर ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. पक्के बिल घ्यावे. बिल नसेल तर वॉरंटीचा कागद निरुपयोगी ठरतो. तक्रार दुकानात मिटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुकानदारासाठी हिशेब

मोबाईलच्या सुट्या वस्तूंचे दुकान थोड्या भांडवलात सुरू होते, म्हणून अनेक तरुण या धंद्यात उतरतात. त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. समजा, बिननावाचे १०० इअरफोन ६० रुपयांनी घेतले आणि १०० रुपयांनी विकले. नफा ४,००० रुपये. त्यातील ३० नग बिघडून परत आले आणि बदलून द्यावे लागले, तर १,८०० रुपये गेले. हाती राहिले २,२०० रुपये, आणि भांडवल गुंतले ७,८०० रुपये. आता समजा, नामांकित कंपनीचे १०० नग २२० रुपयांनी घेतले आणि २८० रुपयांनी विकले. तीन नग परत आले आणि ते कंपनीने बदलून दिले. नफा ६,००० रुपये, भांडवल २२,००० रुपये. टक्केवारी काढली तर दोन्हीकडे नफा २७-२८ टक्क्यांच्या आसपास येतो. फरक एवढाच की पहिल्या व्यवहारात ३० गिऱ्हाइके नाराज झाली, दुसऱ्यात तीन. ज्या दुकानाला त्याच मोहल्ल्यात वर्षानुवर्षे बसायचे आहे, त्याने हा फरक नफ्यातच धरावा.

भांडवल कमी असेल तर शंभराऐवजी वीस नग ठेवावेत, पण खात्रीचे ठेवावेत. प्रसिद्ध ब्रँडचे नाव छापलेला नकली माल दुकानात येऊच देऊ नये. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घाऊक व्यापाऱ्याने गळ्यात मारलेला माल असला तरी पोलीस आधी विक्रेत्याच्या दारात येतात. त्यामुळे प्रत्येक खरेदीचे बिल जपून ठेवावे. आणखी एक सूचना: जुन्या मायक्रो यूएसबी डबीच्या इअरबडचा साठा करू नये. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलसह हेडफोन आणि इअरबडलाही टाइप-सी सक्तीचे केले आहे, आणि जगभरचे कारखाने त्याच दिशेने वळले आहेत.

कान पुन्हा विकत मिळत नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० डेसिबलवर गेला तर ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. आतील कानाच्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजल्यासारखे होत असेल, तर तो इशाराच समजावा. शेजारी बसलेल्याला आपले गाणे ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे किंवा टोपी सैल आहे. मुलांच्या मोबाईलवर आवाजाची कमाल मर्यादा ठरवून देण्याची सोय असते. आई-वडिलांनी ती वापरावी.

तीन महिन्यांत बिघडणारा शंभर रुपयांचा इअरफोन दोन वर्षांत आठ वेळा घ्यावा लागतो, म्हणजे ८०० रुपये जातात. तीन-चारशे रुपयांचा नीट पारखून घेतलेला इअरफोन तेवढाच काळ टिकला, तर निम्मे पैसे वाचतात. दुकानात पाच मिनिटे जास्त थांबून खोके वाचले, टोपी बदलून पाहिली आणि बिल मागितले, तर या खरेदीत गिऱ्हाईक सहसा फसत नाही, आणि प्रामाणिक दुकानदारालाही असेच चौकस गिऱ्हाईक हवे असते.