चाळीस किलोबाइटांतील संगीत

ज्या घरांत एका खोलींत मुलें पडद्यावरचे व्हिडिओ-खेळ खेळतात व शेजारच्या खोलींत वडील मंडळी कपाळास हात लावून बसतात, तेथील तक्रार आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे: 'ही कसली पिपाणी!' आम्हीहि एके काळीं हेंच म्हणत असूं. परंतु 'सुपर मारिओ ब्रदर्स' या जपानी खेळाच्या संगीताची हकीकत कळल्यापासून आमचें मत पालटलें.

क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीनें हा खेळ १९८५ सालीं काढला, तेव्हां त्याचे संगीतकार कोजी कोन्दो अवघे २४ वर्षांचे होते. समग्र खेळाला जागा ४० किलोबाइट. त्याचें संगीत म्हणजे दोन सुरावटी, एक खर्ज आणि तालासाठीं नुसती खरखर, एवढेंच काय तें! शिवाय नायकानें उडी मारली कीं तिच्या आवाजासाठीं एक सुरावट क्षणभर मुकी होई. कोन्दो यांनीं पहिली चाल दृश्यें पाहून बांधली. ती खेळणाऱ्याच्या हालचालीशीं जुळेना, म्हणून सरळ टाकून दिली आणि धांवण्या-उडण्याच्या ठेक्यावर नवी बांधली. आम्हांस खरा कलावंत दिसतो तो या टाकून देण्यांत. पाण्याखालीं तीन मात्रांचा वॉल्ट्झ लागतो. वेळ संपत आली कीं लय चढते व खेळणाऱ्याचा जीव वरखालीं होतो.

२०२३ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें ही चाल आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचींत घेतली. व्हिडिओ-खेळाच्या संगीतास हा मान प्रथमच मिळाला. वडील मंडळींनीं एकदां पडद्याकडे पाठ करून ती ऐकावी. मुलांनींहि तेवढा वेळ आवाज बेतानें ठेवावा.