विश्लेषण : डाकसेवक संपावर गेले की गावात काय थांबते?

नाशिक : डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रॉयल मेल’चे कर्मचारी वेतन आणि कामाच्या अटींवरून संपावर गेले. ऐन नाताळच्या तोंडावर, २३ आणि २४ डिसेंबरलाही काम बंद राहिले. शुभेच्छापत्रे आणि पार्सले अडकली. वर्षभराने, १२ डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडे ग्रामीण डाकसेवकांच्या संघटनांनी बेमुदत संप पुकारला.

फटका कोणाला?
टपाल तिकिटे छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला आहे. पण तिकीट लावलेले पत्र सुरगाणा, पेठच्या पाड्यावर पोहोचते ते डाकसेवकाच्या हातून. बचत खाते, आवर्ती ठेव, ग्रामीण टपाल विम्याचे हप्ते ही कामेही शाखा डाकघरातच होतात. बँक लांब असलेल्या गावात त्याला कुलूप लागले की पत्रांबरोबर पैशांचे व्यवहारही थांबतात.

मागणी काय?
डाकसेवक नियमित सरकारी कर्मचारी नाहीत. कागदोपत्री काम चार ते पाच तासांचे. त्यामुळे पगाराऐवजी कामाच्या तासांनुसार भत्ता मिळतो आणि नियमित कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन नाही. आठ तासांचे काम आणि पेन्शन या मागण्या त्यातूनच आल्या.

यापूर्वी काय झाले?
२२ मे २०१८ पासूनही डाकसेवक संपावर होते. ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने भत्तावाढ मंजूर केली. पाच तासांसाठी डाकसेवकाला किमान १२ हजार, तर शाखा डाकपालाला १४,५०० रुपये ठरले. रक्कम वाढली, तासांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तोच २०२३ च्या हिवाळ्यात पुन्हा समोर आला.