फी तीनशे, टी-शर्ट दोनशेचा: गावच्या मदतदौडीचा पैसा कापडात कसा जिरतो?

गावात एखादी दौड जाहीर झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "टी-शर्ट आहे का?" अंतर किती, सुरुवात किती वाजता, पैसे कशासाठी गोळा होणार, हे सगळं नंतर. आयोजकही मग निमूटपणे टी-शर्टची ऑर्डर देऊन टाकतात. शाळेच्या वर्गखोलीसाठी किंवा एखाद्या मुलाच्या ऑपरेशनसाठी ठेवलेल्या छोट्या दौडीचं गणित बहुतेक वेळा तिथेच बिघडतं.

दौंड तालुक्यातल्या केडगावसारख्या गावात ५ किलोमीटरची मदतदौड ठेवली आहे, असं समजू. ३०० जणांनी नाव नोंदवलं आणि फी ३०० रुपये ठेवली, म्हणजे जमा झाले ९०,००० रुपये. टी-शर्ट १८० रुपयांना ठरला. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की १८९. साइज कमी पडू नये म्हणून ३० जास्तीचे घेतले. ३३० शर्टांचे झाले ६२,३७० रुपये. नंबर, पाणी, केळी, पदकं, रुग्णवाहिका, मांडव यांचे २०,००० धरले, तर मूळ कामासाठी उरतात ७,६३० रुपये. तीनशे माणसं पहाटे उठून धावली आणि गरजू मुलाच्या घरच्यांच्या हातात माणशी पंचवीस रुपयेच पडले.

आता तीच दौड वेगळ्या पद्धतीने. फी निम्मी, म्हणजे १५० रुपये. टी-शर्ट हवा असेल त्याने वेगळे २२० रुपये द्यायचे. १२० जणांनीच तो घेतला. नग कमी म्हणून दर थोडा चढला, करासह २१० रुपये पडला असं धरू. फीचे ४५,००० आणि शर्टांवरचे १,२०० मिळून ४६,२०० झाले. इतर खर्चाचे २०,००० वजा करून उरले २६,२०० रुपये. फी अर्धी केली आणि शिल्लक तिपटीहून जास्त झाली. वरचे दर नमुन्याचे आहेत, प्रत्यक्षात कमी-जास्त होतील. पण शर्ट फीतून बाहेर काढला की हिशोब कसा पालटतो, ते यातून दिसतं.

यात पैशाइतकाच दुसरा एक मुद्दा आहे. गावात रोज पहाटे खरोखर पळणारी मुलं-मुली असतात ती पोलीस भरतीच्या तयारीची. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याचा सराव त्यांचा वर्षभर चालू असतो. तीनशे रुपये फी म्हटली की नेमकी तीच मागे सरतात. त्यांना धावायचंच असतं, शर्ट त्यांच्या कामाचा नसतो.

घासाघीस नंतर, आधी हे ठरवा

शर्टचा खर्च कमी करायचा म्हटलं की बहुतेक आयोजक छपाईवाल्याशी घासाघीस करायला बसतात. त्यातून शर्टमागे पाच-दहा रुपये सुटतात. खरी बचत त्याआधीच्या निर्णयांत असते. शर्ट कुणाला द्यायचा, किती नग मागवायचे, किती रंगांत छापायचा आणि ऑर्डर कधी द्यायची, यावर सगळं ठरतं.

शर्ट ऐच्छिक ठेवण्याची कल्पना नवी नाही. कॅन्सरमुळे एक पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कॅनडा धावत पार करायला निघाला. त्याच्या नावाने १९८१ पासून धर्मादाय दौड होते. तिला प्रवेश फी नाही, लोक जमेल तशी देणगी देतात आणि टी-शर्ट हवा असेल तर वेगळा विकत घेतात. शर्ट तिथेही आहे, पण तो कुणावर लादलेला नाही.

"मग फोटोत सगळे एकसारखे कसे दिसणार?" ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय फुकटचा आहे. सगळ्यांनी घरातला पांढरा टी-शर्ट घालून यायचं, छातीवर नंबराचा कागद लावायचा. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत-वरवंडवरून याच तालुक्यातून जाते. पांढऱ्या कपड्यांतली ती माणसं कोण आहेत, हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि कपडे ज्याचे त्याचे असतात.

छपाईत पैसे नेमके कुठे जातात?

शर्ट द्यायचाच असेल, तर छपाईच्या तीन पद्धती समजून घेतलेल्या बऱ्या. दुकानदार साधारणपणे त्याच्याकडे जे यंत्र आहे, तीच पद्धत उत्तम म्हणून सांगतो.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, म्हणजे स्क्रीन, बनवावी लागते. ५० शर्ट छापा की ५००, स्क्रीनचा खर्च तेवढाच. समजा पुढे तीन रंग आणि मागे एक, अशा चार स्क्रीन लागल्या आणि एकीचे ५०० रुपये पडले. एकूण २,००० झाले. ५० शर्टांवर वाटले तर शर्टमागे ४० रुपये, ४०० शर्टांवर वाटले तर फक्त ५. म्हणून ही पद्धत नग जास्त आणि रंग कमी असतील तेव्हाच स्वस्त पडते. कापड गडद असेल तर रंग उठून दिसण्यासाठी खाली पांढरा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक स्क्रीन आली. फिकट कापडावर एकाच गडद रंगात छापलेला शर्ट सगळ्यात कमी पैशांत होतो, आणि बरेचदा दिसायलाही तोच नीटनेटका असतो.

सब्लिमेशनमध्ये उष्णतेने शाईची वाफ होऊन ती धाग्यात मुरते. रंग कितीही असले तरी खर्च फारसा वाढत नाही, छपाई हाताला लागत नाही, घामही अडत नाही. मात्र ती पॉलिएस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिकट कापडावरच होते. सुती शर्टावर सब्लिमेशन करून देतो असं कुणी म्हटलं, तर आधी नमुना धुऊन बघावा.

तिसरी डीटीएफ. चित्र आधी फिल्मवर छापून ते गरम दाबाने शर्टवर चिकटवतात. सुती, पॉलिएस्टर, गडद, फिकट, सगळ्यावर चालतं आणि ४०-५० नग असले तरी परवडतं. इथे पैसे आकारमानावर लागतात. छातीवर हाताच्या तळव्याएवढं चिन्ह असेल तर खर्च कमी. पाठभर चित्र असेल तर खर्च वाढतो, आणि प्लास्टिकसारख्या त्या थराखाली पाठ घामेजते ते वेगळंच.

कापडाचंही एक साधं गणित आहे. होजिअरीचं कापड मीटरवर नाही, किलोवर विकलं जातं. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. तो जितका कमी, तितके एका किलोत जास्त शर्ट निघतात. धावण्यासाठी १४०-१५० जीएसएमचं पॉलिएस्टर पुरतं. त्याहून फार खाली गेलं की पांढरा शर्ट अंगावर पारदर्शक दिसतो, मग महिला तो घालत नाहीत आणि पैसे वाया जातात. कॉलर आणि बटणपट्टी टाळून गोल गळा घेतला की शिलाई वाचते. दौडीनंतरही शर्ट वापरला जावा असं वाटत असेल तर सुती बरा, पण घामाने तो जड होतो. १० किलोमीटर धावणाऱ्याच्या अंगाला तो घासतो, ५ किलोमीटर चालणाऱ्याला फरक पडत नाही.

पाठीवरची बारा बोधचिन्हं

गावच्या दौडीच्या शर्टाची पाठ पाहिली की अख्खी बाजारपेठ दिसते. खतांचं दुकान, पतसंस्था, दूध डेअरी, गुऱ्हाळ, मंगल कार्यालय. प्रत्येकाने दोन-तीन हजार दिलेले असतात आणि प्रत्येकाला आपलं चिन्ह आपल्याच रंगात हवं असतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हा हट्ट महागात पडतो. सगळी नावं एकाच रंगात छापली जातील, हे पैसे घेण्याआधीच सांगितलेलं बरं. लहान देणगीदारांची नावं शर्टाऐवजी कमानीवर आणि फ्लेक्सवर टाकता येतात. तिथे रंगांचा वेगळा खर्च नाही आणि फोटोत नावंही मोठी दिसतात.

एखादा दुकानदार सगळे शर्टच देतो म्हणाला तर उत्तम. पण त्याला एक गोष्ट आधी सांगावी. आयकरातली ८० जी ची सवलत पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीला मिळते, वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीला नाही. दुकानाची जाहिरात म्हणून हा खर्च दाखवता येईल का, ते त्याने आपल्या सीएला विचारावं.

साइज, तारीख आणि उरलेले गठ्ठे

दौड संपल्यावर आयोजकाच्या घरी दोन गोष्टी उरतात: थकवा आणि स्मॉल साइजचे चाळीस शर्ट. अंदाजाने ऑर्डर दिली की हे ठरलेलं. नाव नोंदवतानाच साइज विचारावा आणि तो नुसता एम-एल असा नव्हे, तर छातीच्या इंचांत, कारण एका कारखान्याचा एल हा दुसऱ्याचा एम असतो. प्रत्येक साइजचा एक नमुना नोंदणीच्या टेबलाजवळ टांगून ठेवला की निम्मे वाद मिटतात. लहान मुलांचे साइज वेगळ्या आकड्यांत येतात, त्यांची यादी स्वतंत्र लागते.

शर्टाची नोंदणी दौडीच्या तीन आठवडे आधी बंद करावी. त्यानंतर येणाऱ्यांना फक्त नंबर. हे पोस्टरवर ठळक छापलेलं असेल तर ऐनवेळी कुणी भांडत नाही. आणि शर्टावर वर्ष छापू नये. "२०२६" छापलेला शर्ट २०२७ मध्ये कुणी घेत नाही. वर्ष नंबराच्या कागदावर टाकलं की उरलेला माल पुढच्या वर्षी विकता येतो.

ऑर्डर कधी देता, यावरही दर ठरतो. दहीहंडी आणि गणेशोत्सवाआधी, तसंच १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या सुमारास मंडळांच्या शर्टांनी छपाईवाले गुंतलेले असतात. निवडणुका लागल्या तर विचारायलाच नको. त्या दिवसांत घाईचे पैसे वेगळे लागतात आणि चूक झाली तर पुन्हा छापायला वेळ उरत नाही.

माल कुठून घ्यायचा, याबाबत केडगावची जागा सोयीची आहे. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला गणवेश शिवणारं सोलापूर, दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर. होजिअरीचं मोठं केंद्र असलेल्या तमिळनाडूतल्या तिरुपूरचा दर कागदावर आणखी कमी दिसतो. पण दोन-तीनशे नगांसाठी वाहतूक, आधी द्यावे लागणारे पैसे आणि खराब माल परत पाठवण्याची कटकट धरली की फरक बराचसा पुसला जातो. मोठ्या ऑर्डरला मात्र तिथे विचारून पाहण्यात अर्थ आहे.

दरपत्रकं किमान तीन घ्यावीत आणि प्रत्येकात कापडाचा जीएसएम, रंगांची संख्या, स्क्रीनचा खर्च, वाहतूक आणि कर लिहून घ्यावेत. अशा स्वस्त कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा संस्थेला तो परत मिळत नाही, म्हणून "१७० अधिक कर" आणि "१७५ सगळं धरून" यांत दुसरा दर स्वस्त.

स्वयंसेवकांसाठी वेगळ्या रंगाचे वीस शर्ट करण्याची हौसही टाळता येते. दंडाला बांधलेली लाल फीत लांबून तितकीच दिसते.

आणि दौड संपवणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यावंसं वाटत असेल, तर केडगावच्या बाजारात गुळाला तोटा नाही. अर्धा किलोची ढेप धावून आलेल्या माणसाला तिथेच फोडून खाता येते, साइज विचारावा लागत नाही, आणि उरली तर आयोजकाच्या घरी कुणी तक्रार करत नाही.