हाफ इंजिनाची ताकद कुठे असते?

सीबीडी बेलापूरहून पाम बीच रोडला लागलं की समोर सरळ, रुंद रस्ता दिसतो. इंजिनातून जादा ताकद काढण्याची हौस असलेली मुलं इथे बरीच. त्यांचा पहिला खर्च फोर्ज्ड पिस्टन-रॉडवर होतो. ते घातले की हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टनचा संच, अभेद्य झालं, हा मोठा गैरसमज आहे.

टर्बोचा दाब वाढवला की कनेक्टिंग रॉड तुटतो, असं सगळे सांगतात. दाब रॉडला दाबतो, फार झाला तर वाकवतो. रॉडला ओढून तोडतो तो मुख्यतः आरपीएम. धूर बाहेर टाकून पिस्टन वरच्या टोकाला पोचतो, तेव्हा त्याला वरून रेटणारा वायू नसतो आणि सगळी ओढ रॉडच्या बोल्टवर येते. ८० मिमी स्ट्रोक आणि अर्धा किलो हलतं वजन धरलं, तर ५००० आरपीएमला ही ओढ सुमारे ७०० किलोची, ७००० ला १४०० किलोची. वेग दीडपटही झाला नाही, ओढ मात्र दुप्पट! म्हणून आरपीएम वाढवणाऱ्याने आधी बोल्ट बघावेत. यील्डपर्यंत ताणून बसवायचे बोल्ट पुन्हा वापरणं तर मला अक्षम्य वाटतं.

‘फोर्ज्ड म्हणजे परदेशी’ हेही खरं नाही. १९६१ साली स्थापन झालेली पुण्याची भारत फोर्ज घडीव क्रँकशाफ्ट बनवते. शिवाय कित्येक गाड्यांचा क्रँक कंपनीतूनच घडीव येतो. तो आधी तपासा.

जाड ऑइल घातलं की बेअरिंग वाचतं? ५० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०५ मिमी फट ठेवतात. ऑइलची जाडी या फटीला जुळावी लागते. फट न मोजता ऑइल जाड केलं, तर गेजवर दाब छान दिसतो, पण बेअरिंगमधून ऑइलचा प्रवाह घटतो आणि उष्णता साठते. क्रँकला धरणाऱ्या मेन कॅपला जास्त ताणाचे स्टड लावले, तर बेअरिंगच्या भोकाचा गोलपणाही बिघडू शकतो. तो मोजून, लागल्यास लाइन होनिंग करावंच लागतं.

आतलं काम कुणाला दिसतं, म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. बोअर वाढवून सीसी बदलली, तर गाडी नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळत नाही. अशा इंजिनाची जागा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या ट्रॅकवर. तिथे लांब वळणावर ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि महागडा क्रँक काही क्षणांत खरवडला जातो. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवण्याचं काम त्यामुळे रॉड मागवण्याआधी करायचं.