मधुमेह, क्रिएटिनिन आणि मूत्रपिंड

“क्रिएटिनिन नॉर्मल आले, म्हणजे किडनी ठणठणीत,” असे पुष्कळ मधुमेही समजतात. हा समज घातक आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. त्यांचे काम निम्म्याच्या आसपास घटले तरी हा आकडा मर्यादेतच दिसू शकतो. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डीकडचा २५ वर्षांचा ऊसतोड कामगार आणि त्याची ६५ वर्षांची कृश आजी, अशी जोडी डोळ्यांपुढे आणा. दोघांचेही क्रिएटिनिन १.१ आले, तर २०२१ च्या सूत्रानुसार त्याची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ९५ मि.लि., तिची मात्र ५६ भरते! शिवाय सूत्र वय व लिंग पाहते, कृशता पाहत नाही. आजीची खरी क्षमता याहूनही कमी असेल. सिस्टॅटिन-सी या रक्ततपासणीवर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही, पण ती महाग पडते. एचबीए१सी तर केवळ दोन-तीन महिन्यांची साखर सांगते.

बिघाडाची पहिली खूण बहुधा रक्तात नव्हे, लघवीत दिसते. तेथील अल्ब्युमिन दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक, असे पुन्हा तपासूनही आढळले, तर डॉक्टरांना गाठावे. या टप्प्यावर औषधांनी बिघाडाचा वेग कमी करता येतो. प्रौढपणी जडणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात ही तपासणी निदान होताच आणि पुढे दरवर्षी करावी. पायांवर सूज येण्याची वाट पाहू नये.